उजव्या बाहीचं माप वेगळं घेणारा टेलर (सांगली, कापडपेठेच्या मागची गल्ली)

आधी सांगते, ज्यांचे दोन्ही हात सारखे आहेत त्यांना या दुकानात विशेष काही वाटणार नाही. शिलाई बरी आहे, दर बाजारात आहेत तेवढेच आहेत, आणि वेळेवर कपडा मिळेल याची गॅरंटी शून्य. पण तुमचा किंवा घरातल्या कुणाचा हात जन्मापासून अधू असेल तर पुढचं नीट वाचा, कारण असा टेलर मला आजवर दुसरा भेटला नाही आणि मी बऱ्याच टेलरांचा मार खाल्लाय.

माझा उजवा हात. एर्ब्स पाल्सी. बाळंतपणात डोकं बाहेर आलं आणि खांदा आईच्या पुढच्या हाडामागे अडकला, याला शोल्डर डिस्टोशिया म्हणतात, अशा वेळी मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला जातो आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या ज्या पाच नसांची जुडी असते तिच्यातल्या वरच्या दोन, सी ५ आणि सी ६, त्या ताणतात नाहीतर तुटतात. हजार जन्मांमागे एक-दोन बाळांना होतं, म्हणजे फार दुर्मिळ वगैरे काही नाही. त्यातली बरीचशी बाळं काही महिन्यांत आपोआप सुधारतात. माझी गाडी अर्ध्यावर थांबली. त्या काळी आमच्याकडे 'मालिश करा, होईल सुरळीत' एवढाच उपचार होता, नसेचं ऑपरेशन बाळ काही महिन्यांचं असतानाच करायचं असतं हे कळेपर्यंत मी शाळेत जायला लागले होते. आता त्या नसेला काही करता येत नाही कारण इतकी वर्षं सिग्नल न मिळालेला स्नायू परत उठत नाही. असो.

तर हात दिसायला कसा, तर डाव्यापेक्षा आखूड, दंड बारीक, कोपर पूर्ण सरळ होत नाही, तळवा वर वळत नाही. देवळात तीर्थ घेताना उजव्या हाताची ओंजळ करता येत नाही, मी डावा पुढे केला की पुजारी बघतात. जेवते डाव्या हाताने, त्यामुळे निम्म्या लोकांना मी डावखुरी वाटते आणि मी पण ते तसंच राहू देते, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकूंना सी ५ सी ६ कोण समजावणार. हात वर न्यायचा झाला तर खांद्याचा सांधा हलत नाही, सगळं पाठीचं फावडं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, वर येतं आणि कोपर बाहेरच्या बाजूला उडतं, तुतारी वाजवणाऱ्यासारखं. डॉक्टर लोक त्याला खरंच तुतारीवाल्याची खूण म्हणतात.

आता या हाताला ब्लाउज घाला.

मी एका पतसंस्थेत काउंटरवर आहे, आम्हाला युनिफॉर्मची साडी आहे, म्हणजे ब्लाउज हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही, रोजचा आहे. आणि सगळे टेलर पहिलं वाक्य काय बोलतात? 'मापाचा ब्लाउज आणलाय का ताई.' मापाचा ब्लाउज दिला की त्यातली चूक नव्या ब्लाउजात जशीच्या तशी उतरते. माझं कपाट अशा चुकांच्या झेरॉक्सने भरलेलं होतं. उजवी बाही कोपरापर्यंत लोंबते आणि दंडाभोवती घंटेसारखी उभी राहते, गळा उजवीकडे सरकतो, पट्टी दिसते, आणि हात उचलून वरच्या खणातली फाईल काढली की पुढून ब्लाउज साडीच्या बाहेर. मग दिवसभर पदर ओढत बसायचं, तेही एकाच हाताने, आणि समोर ठेवीदार उभा असतो त्याला व्याज कधी जमा होणार ते हवंय. टेलरला सांगितलं की ढिला करतो म्हणायचा. सगळेच ढिला करायचे. मुंढा, म्हणजे बाही अंगाला जोडतात ती काखेची गोलाई, खाली उतरवून द्यायचे. त्याने आणखी वाट लागायची ते का, ते मला इथे कळलं.

हे दुकान शेजारच्या बाईंनी सांगितलं. कापडपेठेच्या मागे, बोर्डावर फक्त 'लेडीज टेलर' एवढंच वाचता येतं, वरचं नाव पुसलंय. दोन पायऱ्या आहेत, कठडा नाही. आत एक कटिंगचं टेबल, दोन मशीनी, वर लटकवलेले ब्लाउज आणि एक पंखा जो कापड उडू नये म्हणून कायम बंद असतो. एप्रिल-मे मध्ये जाणार असाल तर मानसिक तयारी ठेवा. भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर पिवळट रेघ आहे ती २०१९ च्या पुराची, मापाच्या जुन्या वह्या त्यात गेल्या आणि तेव्हापासून वह्या माळ्यावर असतात. तुम्ही गेलात की मास्तर आधी शिडी लावतात, मग बोलतात.

माप वहिनी घेतात, कापतात मास्तर. वहिनींनी डाव्या दंडाचं माप घेतलं, वहीत लिहिलं, आणि टेप उजव्या दंडाला लावला. मी म्हणलं अहो तोच घ्या ना दोन्हीकडे, सगळे तेच करतात. तर मास्तर टेबलावरून मान वर न करता म्हणाले, 'दोन दंड आहेत तर दोन मापं नकोत होय?' आणि मग त्यांनी जे विचारलं ते मला एकाही टेलरने विचारलं नव्हतं. हात कुठपर्यंत जातो, दाखवा. तोंडाकडे न्या. आता डोक्याकडे. आता समोर, जणू मला पैसे देताय. आता बसून. प्रत्येक वेळी वहिनी पाठीवर टेप धरून उभ्या, खालून ब्लाउज किती उचललाय ते बघत होत्या आणि खडूने खूण करत होत्या. उभ्या-उभ्या हात खाली सोडून घेतलेलं माप हे पुतळ्याचं माप असतं, हे त्यांचं म्हणणं.

मला एकदम अपंगत्वाच्या सर्टिफिकेटची रांग आठवली. तिथे पण हात वर करा, बाजूला करा, वळवा, सगळं अंशात मोजलं होतं आणि शेवटी एक टक्केवारी हातात आली, ती चाळीसच्या आत, आणि २०१६ च्या कायद्यात बहुतेक सवलती चाळीस टक्क्यांपासून सुरू होतात. म्हणजे हात एवढा वाईट नाही की सवलत मिळावी आणि एवढा चांगला नाही की बाजारातला कपडा बसावा. या मधल्या पट्ट्यात आम्ही बरेच जण आहोत. तिथे मोजलेलं कागदावर राहिलं, इथे मोजलेलं अंगावर आलं एवढाच मुद्दा, बाकी त्या ऑफिसबद्दल हा रिव्ह्यू नाही.

तर मुंढ्याचं गणित. आपल्याला वाटतं हात नीट हलत नाही म्हणजे काखेत जागा जास्त हवी, मुंढा खाली घ्या. मास्तर म्हणाले उलट. मुंढा जेवढा खाली तेवढी बाही अंगाला खालपर्यंत जोडलेली, मग हात जरा उचलला की बाही सगळं अंग घेऊन वर जाते. मुंढा काखेला लागून वर ठेवायचा आणि बाहीला रुंदी द्यायची, म्हणजे हात आपला हलतो आणि ब्लाउज जागेवर बसतो. त्यात माझा हात फावड्यासकट हलतो म्हणून पाठीच्या उजव्या तुकड्यात खांद्याजवळ त्यांनी जादा कापड बारीक चुण्या घालून दिलंय आणि काखेत एक छोटा वेगळा चौकोनी तुकडा जोडलाय. बाहेरून दिसत नाही. उजवा खांदा अरुंद कापला, उजवी बाही डावीपेक्षा आखूड आणि दंडाला कमी घेराची कापली, पण तिचा काठ डाव्या बाहीच्या काठाला समोरून बघितलं तर एका रेषेत येतो. हे कसं जमवलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. पहिल्यांदा तो ब्लाउज घालून वरच्या खणातली फाईल काढली आणि खाली बघितलं, सगळं जिथल्या तिथे होतं. मी मुद्दाम परत ठेवून परत काढली. शिपाईमामा म्हणाले मॅडम काही हरवलं का.

हुकांबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. मागे हुक असलेला ब्लाउज माझ्यासाठी बंद, हात पाठीमागे जातच नाही, गेला तर कमरेपर्यंत आणि तिथून तो परत आणायला दुसरा हात लागतो. पुढचे हुक लावताना एक हात कापड ताणून धरतो आणि दुसरा हुक अडकवतो, यातलं बारीक काम ज्या हातावर येतं तो हात चांगला पाहिजे. मास्तरांनी हुक डाव्या पट्टीवर घेतले आणि घरं उजव्या पट्टीवर, आणि ब्लाउजचे चिमणे हुक काढून त्यापेक्षा मोठे लावले. एवढंच. कुठलं मशीन नाही, इंपोर्टेड वस्तू नाही. या एका बदलाने सकाळची चिडचिड कमी झाली, आधी मी आईला किंवा नवऱ्याला हाक मारायची, आणि पस्तिशीत हुक लावायला हाक मारणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत. टिचबटणं मात्र लावून घेऊ नका, त्यांना दोन्हीकडून दाब लागतो आणि काउंटरवर जोरात शिंकलात तर सुटतात.

पदराची पिन हा पण एक छळ होता. डाव्या खांद्यावर पिन लावायला उजवा हात तिथपर्यंत पोचत नाही आणि डावा हात स्वतःच्याच खांद्यावर आंधळं काम करतो, बोटं टोचून घेतो. आता ब्लाउजच्या डाव्या खांद्यावर एक पक्की छोटी पट्टी आहे, मी पदराच्या प्लेट्स आधी पलंगावर साडी पसरून पिन करते, आणि मग ते सगळं पट्टीत अडकवते. परकराची नाडी काढून पुढे रुंद पट्टा आणि पँटचा हुक, दोन घरं, एक जेवणाआधीचं आणि एक जेवणानंतरचं. हे मास्तरांचे शब्द आहेत, माझे नाहीत.

ड्रेससुद्धा शिवले. कुर्त्याला पुढे पोटापर्यंत काज-बटण, म्हणजे डोक्यातून कोंबायला नको. फिजिओवाले सांगतात तो नियम मला लहानपणापासून पाठ आहे, घालताना आधी अधू हात, काढताना अधू हात शेवटी, पण रेडिमेड कुर्त्यात हा नियम पाळूनही दुसरा हात आत अडकतोच आणि माणूस अर्धा तास दिवाणखान्यात भुतासारखा उभा. खिसा डावीकडे मागितला तर वहिनींनी दोन्हीकडे दिला. उजवीकडचा कशाला, म्हणलं त्या हाताने काही निघत नाही. तर म्हणाल्या, 'हात ठेवायला. थंडीत गार पडतो म्हणालात ना.' ते मी बोलता-बोलता कधीतरी म्हणाले होते. थंडीत तो हात खरंच गार पडतो, निळसर होतो, आणि जानेवारीत स्कूटीवरून जाताना तर फार, एक्सलेटर नेमका उजवीकडेच असतो ना.

आता जे आवडलं नाही ते. मास्तरांनी सुरुवातीला उजव्या खांद्यात पॅड घालू का विचारलं, म्हणजे फरक दिसणार नाही. मी नको म्हणलं, तर पुढच्या वेळी न विचारता घातलं. मला काढून घ्यावं लागलं. त्यांचा हेतू चांगला होता पण मला हात लपवायचा नाहीये, मला हात वापरायचाय, आणि पॅडमुळे पर्सचा पट्टा घसरतो. लपवण्यावरून सांगते, जर्मनीचा शेवटचा कैसर, दुसरा विल्हेल्म, त्याला हीच गोष्ट होती. २७ जानेवारी १८५९ चा जन्म, पायाळू, आणि डावा हात उजव्यापेक्षा साधारण १५ सेंटिमीटर आखूड राहिला. लहानपणी त्याच्या हातावर विजेचे झटके दिले, ताज्या मारलेल्या सशाच्या अंगात हात ठेवायचे म्हणे त्याने ताकद येईल, आपल्याकडचं तेल-मालिश त्यापेक्षा बरं. त्याचे फोटो शोधून बघा, डावा हात कायम तलवारीच्या मुठीवर नाहीतर हातमोजे धरलेला. आख्ख्या साम्राज्याचे शिंपी दिमतीला आणि एवढी मेहनत कशासाठी तर फोटोत हात दिसू नये म्हणून. मी मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, 'राजाला फाईल काढायची नसती ओ.' बरोबर आहे.

वेळेचं तर विचारूच नका. 'गुरुवारी या' म्हणजे कोणत्या गुरुवारी हे विचारायचं. गणपतीच्या आधी आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की ते अस्तराचे ब्लाउज घेतच नाहीत आणि घेतले तर देत नाहीत. माझ्या चुलत बहिणीच्या हळदीला मी जुनाच ब्लाउज घालून उभी होते कारण नवा अजून टेबलावर कापलेल्या अवस्थेत होता. फोन उचलत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. अस्तराचा रंग स्वतः जाऊन दाखवा, नाहीतर मरून साडीला गुलाबी अस्तर येतं आणि 'आतूनच तर आहे' हे उत्तर येतं.

ट्रायल रूम म्हणजे कोपऱ्यात पडदा, एवढीशी जागा, दोन्ही हात चांगले असले तरी कपडे बदलायला अवघड. मी वहिनींना दुकानाचं शटर अर्धं ओढायला सांगते आणि मास्तर चहाला जातात. हे सांगायला लाजू नका, ते जातात.

दर सांगते. अस्तराचा ब्लाउज ५००, साधा ३००, आणि दोन बाह्या वेगळ्या कापायचे, काखेचा तुकडा, हुकाचं वगैरे धरून ५० रुपये जादा. मला ते ५० रुपये आधी खटकले होते, वाटलं हाताचा दंड भरतेय. मग एकदा कटिंग करताना बसून बघितलं. नेहमी कापड दुमडून दोन्ही बाह्या एका कात्रीत निघतात, माझ्या बाह्या सुट्या-सुट्या कापाव्या लागतात, दोन वेगळे कागद, आणि पाठीचा तुकडा पण दुमडून कापता येत नाही. ५० रुपये कमीच आहेत. कापड मात्र थोडं जास्त न्या, नेहमीच्या मापात काखेचा तुकडा निघत नाही, आणि काठाची साडी असेल तर बाहीचा काठ कुठून घ्यायचा ते आधी ठरवा.

एक गोष्ट आणखी, ही टेलरची नाही पण जाणाऱ्यांसाठी. अंगाचं माप दर वर्ष-दोन वर्षांनी परत घ्यायला सांगा. लोकांना वाटतं जन्मापासूनचं आहे म्हणजे आहे तसंच राहतं. नसेची जखम वाढत नाही हे खरं, पण तिच्याभोवतीचं सगळं बदलत जातं, वाकडा वाढलेला खांद्याचा सांधा झिजतो, पाठ एका बाजूला ओढते, आणि सगळ्यात आधी तक्रार करतो तो चांगला हात, कारण इतकी वर्षं दोघांचं काम त्याने एकट्याने केलेलं असतं. माझा डावा खांदा गेल्या पावसाळ्यापासून दुखतोय. लहान मुलांच्या डॉक्टरांना या दुखण्याची सगळी माहिती असते, मोठ्यांच्या डॉक्टरांकडे गेलं तर मीच त्यांना समजावत बसते. डावा दुखायला लागला हे वहिनींच्या लक्षात माझ्या आधी आलं, म्हणाल्या तुमचं डावीकडचं माप वाढलंय, सूज आहे का बघा. सूज होती. फिजिओकडे गेले, आता व्यायाम चालू आहेत आणि नोटा मोजायच्या मशीनसाठी ऑफिसात अर्ज दिलाय, तो कुठल्यातरी टेबलावर आहे.

पुरुषांचे शर्ट इथे शिवत नाहीत, विचारलं होतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाला हेच आहे, डाव्या हाताला, तो उन्हाळ्यातसुद्धा बाह्या दुमडून घालतो म्हणजे लांबीतला फरक कळत नाही. त्याच्यासाठी जेंट्स टेलर शोधतेय, सांगली-मिरजेत कुणी असेल तर सांगा, पण 'मापाचा शर्ट आणा' म्हणणारा नको.

एकूण पाचपैकी चार. एक स्टार वेळेसाठी आणि पॅडसाठी कापला. दिवाळीच्या गर्दीत जाऊ नका, भाऊबीज झाली की लगेच जा, लग्नसराई लागायच्या आत. मी रेनकोट घेऊन जाणार आहे, त्याची चेन खालून एका हाताने अडकवता येत नाही आणि उजवी बाही बोटांच्या पुढे जाते, ब्रेक धरताना मध्ये येते. मास्तर म्हणाले आमच्या मशीनला रेनकोट लागत नाही. वहिनी म्हणाल्या आणा तर खरं.